आगगाडीचा कंदील

६ जुलै १८८१ ची रात्र. अमेरिकेतील आयोवा राज्यात भयंकर वादळ चालले होते. हनी क्रीक नावाच्या ओढ्याला एवढा पूर आला की त्यावरील लोहमार्गाचा पूल खचला, आणि मार्गाची पाहणी करण्यास निघालेले एक इंजिन चार कामगारांसह त्या ओढ्यात कोसळले. ओढ्यानजीकच्या एका घरात केट शेली नावाची कोवळ्या वयाची मुलगी आपल्या विधवा आईसमवेत राहत होती. तिचे वडील हयात असताना त्याच लोहमार्गावर नोकरीस होते. त्यामुळे रात्रीची उतारूंची गाडी पश्चिमेकडून याच वाटेने यावयाची आहे, हे केटला पक्के ठाऊक होते. घरातला जुना कंदील पेटवून ती मुसळधार पावसात बाहेर पडली.

गाडी थांबवायची तर मोइंगोना स्थानक गाठले पाहिजे, आणि तेथे पोहोचण्यासाठी डी मॉइन नदीवरचा लांबलचक पूल ओलांडला पाहिजे. वाऱ्यात कंदील विझला. मग ती मुलगी काळोखात, खाली उसळणाऱ्या नदीवरून, रुळांखालची एकेक लाकडी तुळई चाचपीत हातापायांवर रांगत पलीकडे गेली. स्थानकाला वार्ता पोहोचली. गाडी मोइंगोनाच्या पुढे आली नाही. ओढ्यात पडलेल्या चौघांपैकी दोघे झाडांना धरून राहिले होते, त्यांचेही प्राण वाचले.

केट शेलीच्या धैर्याची ही कथा अमेरिकेतील मुले अद्यापही वाचतात. पण त्या कथेतील विझलेल्या कंदिलाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः आगगाडीच्या कंदिलाचा पुढचा सारा इतिहास त्या रात्रीच्या अनुभवात सामावलेला आहे. वाऱ्यापावसात दिवा तेवत कसा राहील, हा एक प्रश्न. आणि दिवा तेवत राहिला, तरी दूरवर बसलेल्या इंजिनचालकाला त्याचा अर्थ चुकूनही दुसरा कसा वाटणार नाही, हा दुसरा प्रश्न. या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात अमेरिकेची दोन पिढ्यांची बुद्धी खर्ची पडली, आणि उत्तरे सापडेपर्यंत अनेक माणसे प्राणांस मुकली. आज त्या देशात हजारो लोक हे जुने कंदील हौसेने जमवितात, त्यांचा गंज काढतात, काच पुसतात आणि ते पुन्हा पेटवितात. त्यांच्या हाती येणारी वस्तू केवळ शोभेची नव्हे, हे समजण्यासाठी तिचा इतिहास पाहावा लागतो.

आपल्याकडील स्थानकावर ज्यांनी जुन्या काळचा गार्ड पाहिला आहे, त्यांना त्याच्या हातातील तिरंगी बत्ती आठवत असेल. एकाच बत्तीत आतली रंगीत काच फिरवून लाल, हिरवा वा पांढरा प्रकाश दाखविता येत असे. ही विलायती पद्धत. अमेरिकन कंदिलाची घडण निराळी होती. त्याला एकच गोल काच, तिच्याभोवती तारांचा पिंजरा, वर धूर जाण्यासाठी भोके असलेले टोपण, खाली तेलाची डबी व वात, आणि धरण्यासाठी मोठी तारेची कडी. ज्या रंगाचा प्रकाश हवा, त्या रंगाच्या काचेचा वेगळा कंदील हाती घ्यावयाचा. पिंजऱ्यामुळे कंदील आपटला तरी काच सहसा फुटत नसे, आणि प्रकाश चारी दिशांना जात असल्यामुळे कंदील कसाही धरला तरी दुरून दिसे.

एवढ्या साध्या वस्तूवर एवढा भार का पडला? त्या काळची अमेरिकन मालगाडी म्हणजे वाघिणींची एक लांब रांग असे. पुढे इंजिन, मागे गार्डाचा डबा, आणि मधल्या वाघिणींच्या छपरांवरून धावत जाऊन हाताने चाक फिरवून ब्रेक आवळणारी माणसे. त्यांना ब्रेकमन म्हणत. इंजिनाचा आवाज, वाऱ्याचा घोंघाट आणि गाडीची लांबी यांमुळे एकाचे ओरडणे दुसऱ्याला ऐकू जाणे शक्य नव्हते. रात्री बोलावयाचे ते प्रकाशानेच. म्हणून कंदिलाची एक भाषा तयार झाली. १८८७ साली अमेरिकन लोहमार्ग कंपन्यांनी एकत्र येऊन गाड्या चालविण्याचे सामाईक नियम स्वीकारले. तत्पूर्वी प्रत्येक कंपनीचे व्याकरण वेगवेगळे असे. या नियमांत कंदिलाच्या हालचालींनाही ठरीव अर्थ मिळाले.

कंदील रुळांच्या आडव्या दिशेने झुलविला की थांबा. सरळ वर-खाली केला की पुढे चला. गाडी उभी असताना रुळांच्या आडव्या दिशेने त्याचे वर्तुळ फिरविले की मागे या. गाडी चालू असताना हात पूर्ण लांबवून मोठे वर्तुळ काढले तर त्याचा अर्थ भयंकर होता: गाडी मधूनच तुटली आहे, मागचा भाग सुटला आहे. आणि या सर्वांवर एक नियम होता, तो तर कोणाही सहृदय माणसाच्या मनात घर करील असा आहे. रुळांवर वा रुळांजवळ कोणीही, कोणतीही वस्तू जोराने हलविली, तर ती थांबण्याची खूण समजावी. हलविणारा नोकर आहे की परका, हातात कंदील आहे की नुसती टोपी, हे पाहण्याचे कारण नाही. आधी थांबा, मग विचारा. वादळी रात्री धावत निघालेल्या एखाद्या मुलीचे म्हणणे ऐकण्याची सोय जणू या नियमाने करून ठेवली होती.

ही भाषा बोलणाऱ्यांचे जीवन मात्र फार स्वस्त होते. वाघिणी एकमेकींना जोडण्यासाठी एक लोखंडी दुवा आणि एक खुंटी वापरीत. जोडणाऱ्याने दोन वाघिणींच्या मधोमध उभे राहून, येणाऱ्या वाघिणीचा धक्का बसण्याच्या नेमक्या क्षणी दुवा आत घालावयाचा आणि खुंटी ठोकावयाची. क्षणभर चूक झाली की बोटे गेली, कधी हात गेला, कधी माणूसच गेला. हिवाळ्यात बर्फाने निसरड्या झालेल्या छपरांवरून पडून मरणारे वेगळेच. एका हातात कंदील असल्यामुळे आधाराला दुसराच हात काय तो मोकळा. १८८९ च्या जूनअखेर संपलेल्या एका वर्षात अमेरिकन लोहमार्गांवर सुमारे २,००० कामगार मरण पावले आणि सुमारे २०,००० जखमी झाले. शांततेच्या काळात उपयुक्त धंदा करणाऱ्या माणसाने रणांगणावरील शिपायाइतका धोका पत्करावा, ही गोष्ट संस्कृतीला लांच्छनास्पद आहे, अशा आशयाचे उद्गार अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी त्याच वर्षी काँग्रेसला पाठविलेल्या संदेशात काढले. आयोवातील लोरेन्झो कॉफिन या गृहस्थाने तर या प्रश्नाचा ध्यासच घेतला होता. अखेर २ मार्च १८९३ रोजी हॅरिसन यांनी सुरक्षासाधनांच्या कायद्यावर सही केली. वाघिणींना आपोआप जुळणारे सांधे आणि हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक बसविणे त्यामुळे सक्तीचे झाले. कायद्याची पूर्ण अंमलबजावणी होण्यास १९०० साल उजाडावे लागले.

ज्या संग्राहकाच्या हाती १८८० वा १८९० च्या सुमाराचा कंदील येतो, त्याच्या हाती या काळाची साक्ष येते. त्याची कडी वाकलेली असते, पिंजऱ्याची एखादी तार पुन्हा डाख देऊन जोडलेली असते, तळाला खोक पडलेली असते. ते डाग कोणत्या रात्री पडले, हे आता कोणी सांगू शकत नाही. पण ते पडले ते काम करतानाच.

आता रंगाचा प्रश्न पाहू. आज लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे सावध आणि हिरवा म्हणजे जा, हे लहान मुलालाही ठाऊक असते. आरंभी तसे नव्हते. तेव्हा लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे सावध, आणि पांढरा म्हणजे मार्ग मोकळा असे मानीत. या व्यवस्थेत दोन घातक दोष होते. खांबावरील लाल भिंग फुटून पडले, तर आतला नुसता दिवा पांढरा दिसे, आणि "थांबा" या आज्ञेची "खुशाल या" अशी आज्ञा होई. दुसरे असे की, गावे वाढू लागली तसे घराघरांतून आणि रस्त्यांवरून पांढरे दिवे दिसू लागले. कोणता दिवा सिग्नलचा आणि कोणता एखाद्या दुकानाचा, हे धावत्या इंजिनातून ओळखणे कठीण झाले. म्हणून १९ व्या शतकाच्या अखेरीपासून काही कंपन्यांनी हिरव्यालाच "मार्ग मोकळा" हा अर्थ दिला आणि सावधगिरीसाठी पिवळा रंग घेतला. न्यू यॉर्क, न्यू हेवन अँड हार्टफर्ड ही कंपनी यात अग्रेसर होती. हळूहळू इतरांनी तिचे अनुकरण केले.

पण रंगाचे नाव ठरल्याने रंग ठरत नाही. एका कारखान्याची लाल काच नारिंगीकडे झुके, दुसऱ्याची इतकी गडद की दिवा दिसेचना. काही हिरव्या काचा निळसर असत. त्यातच माणसाच्या डोळ्याचा प्रश्न उपस्थित झाला. १८७५ साली स्वीडनमध्ये लागरलुंडा येथे दोन गाड्यांची टक्कर होऊन नऊ माणसे दगावली. उप्साला विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ फ्रिथियोफ होल्मग्रेन यांनी या अपघाताचा संबंध रंगांधत्वाशी जोडला. तो संबंध खरा होता की नाही याविषयी अलीकडच्या अभ्यासकांनी शंका घेतली आहे. तथापि होल्मग्रेन यांनी रंगीत लोकरीच्या लडी निवडावयास लावून घेतलेली परीक्षा जगभर पसरली. बॉस्टनचे नेत्रवैद्य जॉय जेफ्रीज यांनी अमेरिकेत तिचा हिरिरीने पुरस्कार केला. लाल आणि हिरवा यांतला भेद ज्याला दिसत नाही, त्याच्या हाती शेकडो उतारूंचे प्राण सोपवावयाचे की काय, असा तो सवाल होता.

काचेचा प्रश्न न्यू यॉर्क राज्यातील कॉर्निंग या गावी सुटला. तेथील काच कारखान्याने १९०४ साली विल्यम चर्चिल या येल विद्यापीठात शिकलेल्या तरुण शास्त्रज्ञास नोकरीस घेतले. कोणत्या काचेतून कोणत्या रंगाचे किरण किती प्रमाणात बाहेर येतात, आणि दूरवरून कोणते रंग एकमेकांशी घोटाळा करीत नाहीत, याचा त्याने शास्त्रशुद्ध अभ्यास केला. त्याच्या कार्यावर आधारलेली रंगांची प्रमाणे १९०८ साली अमेरिकेतील रेल्वे सिग्नल असोसिएशनने मान्य केली. तेव्हापासून लाल म्हणजे कोणता लाल, याचे उत्तर कारखान्याच्या मर्जीवर राहिले नाही.

याच कारखान्यात पहिल्या प्रश्नाचेही उत्तर सापडले. कंदिलाची काच आतील ज्योतीने तापते. तापलेल्या काचेवर थंड पाऊस वा बर्फ पडला की ती तडकते. तापल्यावर काच फुगते आणि थंड झाल्यावर आकसते. काचेचा एक भाग तापलेला आणि दुसरा एकाएकी गार, अशी स्थिती झाली की तिच्यात ताण उत्पन्न होतो. जी काच मुळात कमी फुगेल, ती कमी तडकेल, हे उघड आहे. जर्मनीत ऑटो शॉट यांनी यापूर्वीच बोरॉनयुक्त काचेवर काम केले होते. कॉर्निंगमध्ये यूजीन सलिव्हन आणि विल्यम टेलर यांनी त्या दिशेने प्रयत्न करून कंदिलांसाठी आणि विजेच्या बॅटरीच्या बरण्यांसाठी अशी चिवट काच सिद्ध केली. कंदिलाच्या जुन्या काचेवर "सी-एन-एक्स" ही अक्षरे उठविलेली दिसली, की संग्राहकाचे डोळे चमकतात. ती या न फुगणाऱ्या काचेची खूण होय.

पुढची हकिकत मौजेची आहे. नवी काच इतकी टिकाऊ निघाली की ती सहजासहजी फुटेना, आणि फुटेना म्हणून नव्या काचांची मागणीही मंदावली. कारखान्याला दुसरा उपयोग शोधणे भाग पडले. तेथील जेसी लिटल्टन या शास्त्रज्ञाच्या पत्नीचे, बेसी यांचे, भट्टीतले मातीचे भांडे तडकले होते. १९१३ साली लिटल्टन यांनी बॅटरीच्या बरणीचा तळ कापून घरी नेला आणि बेसीबाईंनी त्यात केक भाजला. केक उत्तम झाला, भांडे शाबूत राहिले. त्यातून काचेत सुधारणा होत १९१५ साली "पायरेक्स" बाजारात आले. शाळेच्या प्रयोगशाळेतील चंचुपात्र दिव्यावर ठेवताना विद्यार्थ्याच्या मनात आगगाडीचा विचार येत नाही, पण त्या पात्राच्या वंशावळीत ब्रेकमनच्या हातातला कंदील आहे.

संग्राहकाला या इतिहासाचा उपयोग कंदिलाचे वय ओळखण्यासाठी होतो. अगदी आरंभी देवमाशाचे तेल जाळीत. ते महागल्यावर चरबीपासून काढलेल्या तेलात खनिज तेल मिसळून वापरीत. अशा तेलाच्या ज्योतीला उंच काच लागे. सुमारे ५.४ इंच उंचीच्या काचेचे कंदील म्हणूनच जुने मानतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास घासलेटवर चालणारे बर्नर रूढ झाले. घासलेटची ज्योत लहान काचेतही स्थिर राहते, म्हणून सव्वातीन इंचांच्या आखूड काचेचे कंदील आले. या दोहोंच्या मधला, सव्वाचार इंचांची काच असलेला "व्हेस्टा" नावाचा कंदील डिट्झ कंपनीने काढला होता, तोही फार लोकप्रिय झाला. शिकागोची अ‍ॅडम्स अँड वेस्टलेक, सेंट लुईसची हँडलन, न्यू यॉर्कची आर्मस्पीअर, या कंपन्यांची नावे टोपणावर वा तळाशी ठशाने उठविलेली आढळतात. त्यांच्यासोबत पेटंटच्या तारखाही असतात. नवखा संग्राहक येथे फसतो. पेटंटची तारीख म्हणजे कंदील बनल्याची तारीख नव्हे. तो कंदील त्यानंतरच्या कोणत्याही वर्षी बनलेला असू शकतो.

याहून मोलाची खूण म्हणजे टोपणावर आणि काचेवर असलेली लोहमार्ग कंपनीची आद्याक्षरे. कोणी कंदील घरी नेऊ नये, म्हणून कंपन्या ती घालीत. आज तीच अक्षरे कंदिलाची किंमत ठरवितात, कारण त्यांतील बहुसंख्य कंपन्या आता उरल्या नाहीत. न्यू यॉर्क, ऑन्टॅरिओ अँड वेस्टर्न या कंपनीचा सारा लोहमार्ग १९५७ साली बंद झाला. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू यॉर्क सेंट्रल या दोन बलाढ्य प्रतिस्पर्धी कंपन्या १९६८ साली एक झाल्या, आणि त्या एकत्रित कंपनीचे १९७० सालीच दिवाळे निघाले. रॉक आयलंड कंपनीची शेवटची गाडी १९८० साली धावली. रूळ उखडले गेले, स्थानके पडली, नोकरांच्या वंशजांनी दुसरे धंदे धरले. अशा एखाद्या कंपनीची सर्वांत बोलकी निशाणी म्हणजे कोणा निवृत्त नोकराच्या पडवीत खुंटीला राहून गेलेला कंदील.

तो खुंटीला गेला, याचे कारण विजेची बॅटरी, आणि पुढे बिनतारी संदेशयंत्र. विसाव्या शतकाच्या मध्यावर तेलाचे कंदील भराभर मोडीत निघाले. गार्डाचा डबाही १९८० नंतरच्या दशकात बहुतेक मालगाड्यांवरून नाहीसा झाला. भंगारात चाललेल्या या वस्तू जपण्यासाठी हौशी मंडळी पुढे आली. "की, लॉक अँड लँटर्न" ही त्यांची संस्था १९६६ पासून कार्य करीत आहे. नावाप्रमाणेच कंदिलांबरोबर लोहमार्गांच्या किल्ल्या आणि कुलुपे यांचाही ती अभ्यास करते.

जेथे मागणी, तेथे लबाडी. साध्या जुन्या काचेवर नव्याने अक्षरे कोरून ती दुर्मिळ म्हणून विकली जाते. नव्या साच्यात ओतलेल्या रंगीत काचाही बाजारात येतात. जाणकार मनुष्य काचेच्या खालच्या कडेवरची झीज पाहतो. वर्षानुवर्षे लोखंडी बैठकीत घासलेली काच आणि काल डब्यातून काढलेली काच यांत फरक असतो. मात्र पिंजरा एका कंपनीचा आणि काच दुसरीची, एवढ्यावरून लबाडीचा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. काच फुटली की हाती येईल ती काच बसवून माणूस कामाला लागे. शेजारच्या कंपनीच्या यार्डात कंदिलांची अदलाबदलही होई. कित्येकदा अशी विजोड जोडीच अधिक खरी असते.

आता दुरुस्तीविषयी. कंदील हाती येतो तेव्हा तो बहुधा गंजलेला, काजळीने भरलेला आणि तेलाची डबी घट्ट अडकलेली, अशा स्थितीत असतो. येथे जबरदस्ती करू नये. अडकलेला भाग काही दिवस तेलात भिजत ठेवला की बहुधा सुटतो. पकडीने पिरगाळला तर पातळ पत्रा फाटतो. काच कोमट पाण्याने आणि साबणाने धुवावी. जुनी साधी काच कढत पाण्यात बुडविली तर ज्या कारणाने ती पावसात तडकत असे, त्याच कारणाने घरातही तडकेल.

गंज काढण्याची सौम्य रीत विजेची आहे. प्लास्टिकच्या टबात पाणी घेऊन त्यात धुण्याचा सोडा विरघळवावयाचा, कमी दाबाच्या एकदिश प्रवाहाचे ऋण टोक कंदिलाच्या सांगाड्याला आणि धन टोक साध्या लोखंडाच्या तुकड्याला जोडावयाचे. गंज सैल होऊन सुटतो, खालचा धड पत्रा मात्र शाबूत राहतो. या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ती उघड्या हवेत, आगीपासून दूर करावी. धन टोकाला स्टेनलेस पोलाद लावू नये, कारण त्यातील क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने तो कोरडा खरवडू नये. फिरत्या तारेच्या ब्रशाचा मोह तर कटाक्षाने टाळावा. कंदिलाच्या पत्र्यावर कथलाची पातळ कल्हई असते, आणि तीच त्याचे गंजापासून रक्षण करीत असते. ब्रश गंजाबरोबर ती कल्हईही नेतो. कंदील दोन दिवस चांदीसारखा चमकतो आणि मग पूर्वीपेक्षा वेगाने गंजू लागतो.

येथे संग्राहकांत जुना वाद आहे. काही म्हणतात, कंदील कारखान्यातून बाहेर पडला तेव्हा जसा होता, तसा तो दिसला पाहिजे. खोक ठोकून सरळ करावी, तारा नव्या बसवाव्या, हवे तर रंगही द्यावा. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, कारखान्यातला एक दिवस हा कंदिलाचा खरा इतिहास नव्हे. त्याचा इतिहास पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या रात्रींत आहे. पहिल्या पक्षाची सौंदर्यदृष्टी समजण्यासारखी आहे. तरीही विचारांती दुसऱ्या पक्षाचे पारडे जड ठरते. यार्डातल्या लोहाराने डाख देऊन जोडलेली तार, एखाद्या नोकराने खिळ्याने तळावर ओरखडलेली आपली आद्याक्षरे, वरून फासलेला कंपनीचा रंग, या खुणा एकदा घासून काढल्या की परत आणता येत नाहीत. गंज हा शत्रू आहे, त्याला थोपविलेच पाहिजे. परंतु झीज आणि गंज एक नव्हेत. चांगला दुरुस्ती करणारा मनुष्य आधी कंदिलाची छायाचित्रे काढून ठेवतो, मागे घेता येईल एवढाच बदल करतो, शेवटी पत्र्यावर मेणाचा हलका हात फिरवितो आणि थांबतो. मग नवी वात घालून, डबीत शुद्ध घासलेट भरून तो कंदील पेटविला, की त्याची ज्योत पूर्वीच्याच इमानाने उभी राहते.

या सर्व संग्रहांत निळ्या काचेच्या कंदिलाला निराळे स्थान आहे. निळा दिवा "थांबा" वा "जा" असे सांगत नसे. गाडीच्या टोकाला तो टांगलेला असला, म्हणजे गाडीखाली माणसे काम करीत आहेत असे समजावयाचे. अशा गाडीला हलवावयाचे नाही, इंजिन जोडावयाचे नाही. आणि तो दिवा काढण्याचा अधिकार स्थानकप्रमुखाला नसे, इंजिनचालकालाही नसे. ज्या कामगारांनी तो लावला, त्यांनीच तो काढावयाचा. अमेरिकेत हा निळ्या खुणेचा नियम आजही कायम आहे. फक्त तेलाची जागा विजेने घेतली आहे.

एरवी ज्यांचा शब्द कोणी विचारीत नसे, अशा काळ्या हातांच्या माणसांना त्या निळ्या प्रकाशाने एक अढळ शब्द दिला होता: आम्ही अजून आत आहोत. पुढे एखाद्या संग्राहकाच्या फळीवर ती निळी काच दिसली, आणि तिचा तळ जरा खरचटलेला असला, तर तो ओरखडा त्याने तसाच राहू दिला यातच त्याची रसिकता आहे. कोणी तरी ती काच काम आटोपल्यावर, स्वतःच्या हाताने, सुखरूप उतरवून ठेवली होती.